पटावरच्या लढाईलाही माणसं लागतात

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाइल आणि कॉम्प्युटर गेमविषयी आपल्या दैनिकात सध्या जी पत्रं छापून येत आहेत, ती मी रोज वाचतो. बहुतेक पालकांचा सूर एकच आहे, की गेमपायी पोरं वाया गेली. पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरानं त्यापायी जमीन गहाण टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असल्या गेमवर बंदी आणली, ते फार चांगलं झालं. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि शिकवणारे गेम वेगळे धरलेत, हे कुठल्याच पत्रात आलेलं दिसलं नाही. त्यातल्याच एका प्रकाराबद्दल, लढाईच्या गेमबद्दल, मला लिहायचं आहे. कारण जगभरच्या फौजा हे गेम घेतात, त्यावर अधिकारी घडवतात, आणि ते मांडणाऱ्या माणसांना पगार देतात.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मूळ शिरोळ तालुक्यातला, आता कसबा बावड्यात राहतो. नोकरीची शेवटची काही वर्षं अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षण संस्थेत गेली. तिथं माझ्याकडे सँड मॉडेलचं काम होतं. लाकडी चौकट, तिच्यात माती, मातीवर रंगवलेला भुसा. नाल्याला निळी पावडर, रस्त्याला पांढरी फीत, झाडीला स्पंजचे तुकडे, आणि वरून दोऱ्यांचं ग्रिड. नकाशावरची एकेक कंटूर, म्हणजे उंची दाखवणारी रेघ, हातानं उचलायची. रंग कमी पडला तर बाजारातून रांगोळी आणायची. मॉडेल उभं राहिलं की अधिकारी भोवती बसायचे, निम्मे निळ्या देशाचे, निम्मे लाल देशाचे. डायरेक्टिंग स्टाफ, म्हणजे डीएस, परिस्थिती सांगायचे आणि प्रत्येकानं आपला डाव मांडायचा. शेवटी डीएसचं छापील उत्तर बाहेर यायचं. त्याला सगळे ‘पिंक’ म्हणायचे. मी मागं पॉइंटर धरून उभा असायचो. पिंकमध्ये काय लिहिलंय ते आता आठवत नाही, पण त्याआधीची खडाजंगी अजून कानात आहे. एखादे तरुण कॅप्टन म्हणायचे, ‘माझी कंपनी पहाटे पाचला टेकडीवर असेल.’ मग समोरचे मेजर साहेब शांतपणे विचारायचे, ‘आणि मॉर्टरचे (उखळी तोफेचे) बॉम्ब कुणाच्या पाठीवर?’ त्या एका प्रश्नासरशी अख्खा बेत पुन्हा आखायला लागायचा. रक्ताचा थेंब न सांडता माणूस आपल्या बेतातलं भोक बघतो, ते तिथंच.

आता माझ्या भाच्याविषयी. बारावीपासून तो अग्निवीरची तयारी करत होता. पहाटे पोलीस ग्राउंडवर धावणं, संध्याकाळी क्लास. लेखी निघाली, मैदान मारलं, आणि मेडिकलला रंग ओळखण्यात अडकला. त्याला औषध नाही. शिरोळ तालुक्यात, जिथं सैनिक टाकळीसारखं गाव घरटी जवान देतं, तिथं असं घरी परत आलेल्या पोराची मान किती खाली जाते, हे बाहेरच्याला कळणार नाही. तो घरात बसून राहायला लागला आणि कॉम्प्युटरवर ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ नावाचा गेम खेळायला लागला. बहिणीचा मला फोन, ‘दादा, हा दिवसभर त्याच्यातच असतो, तू काहीतरी बोल.’ मी जाऊन शेजारी बसलो. पडद्यावर बंदुका नाहीत की रक्त नाही, नुसता समुद्राचा नकाशा आणि चिन्हं. आपलं कोण आणि शत्रू कोण, हे त्या चिन्हांच्या आकारावरूनही कळतं, नुसत्या रंगावर भिस्त नसते. कुठल्या रडारचा पल्ला किती, कुठल्या विमानाला परतायला इंधन पुरेल का, हे तो वहीत मांडत होता. मॉर्टरच्या बॉम्बवाला प्रश्न तो पोरगा स्वतःच स्वतःला विचारत होता. मला बघून म्हणाला, ‘मामा, ह्यात नोकरी असते का?’

असते. आणि ती नवीनही नाही.

१८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातला फॉन राइसविट्झ नावाचा एक लेफ्टनंट १:८००० च्या नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन लढाईचा खेळ घेऊन आला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या हालचाली दिसायच्या नाहीत, सगळं फक्त पंचाला दिसायचं. प्रशियाच्या सेनाप्रमुखांना तो इतका पटला की तो सगळ्या फौजेत वाटला गेला. १८८७ मध्ये अमेरिकेच्या नौदलाच्या न्यूपोर्ट इथल्या वॉर कॉलेजात विल्यम मॅकार्टी लिटल यांनी वॉरगेम, म्हणजे असेच लढाईचे खेळ, सुरू केले. त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं, त्यापायीच नौदलातून मुदतीआधी निवृत्त व्हावं लागलं होतं.

भाच्याला मी ज्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, ते मात्र गिल्बर्ट रॉबर्ट्स. ब्रिटिश नौदलातला हा अधिकारी १९३८ मध्ये क्षयामुळे नोकरीतून बाहेर पडला. मेडिकल अनफिट. १९४२ च्या जानेवारीत, जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालाची जहाजं एकामागून एक बुडवत होत्या तेव्हा, त्यांना परत बोलावून लिव्हरपूलला एक टॅक्टिकल युनिट काढायला सांगितलं. साधन काय होतं? एक मोठी खोली, जमिनीवर लिनोलियम, खडू, दोरी आणि लाकडी जहाजं. मदतीला नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली, काही तर विशीच्याही अलीकडच्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी समुद्रावर नोकरी केलेली नव्हती. जहाजाचा कप्तान म्हणून बसलेल्या अधिकाऱ्याला कापडी पडद्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच बघायची मुभा. खेळाची एक फेरी म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटं.

या खडूच्या रेघांतून त्यांनी काय काढलं ते बघा. पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून टॉर्पेडो मारते, असं सगळे धरून चालले होते. रॉबर्ट्स आणि त्या मुलींनी खऱ्या हल्ल्यांचे अहवाल जमिनीवर मांडून बघितले आणि हिशेब जुळेना. तो जुळला तेव्हा कळलं की पाणबुडी रात्री पाण्यावरून, मागच्या बाजूनं थेट ताफ्याच्या रांगांमध्ये शिरते, टॉर्पेडो मारते, मग बुडी मारून ताफा पुढं निघून जायची वाट बघते. त्यावर त्यांनी जो डाव बसवला त्याला जीन लेडलॉ या मुलीनं ‘रास्पबेरी’ नाव दिलं. युद्ध संपेपर्यंत पाच हजारांच्या आसपास अधिकारी त्या खोलीतून शिकून गेले. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जे पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडीचे नावाजलेले कप्तान होते, ते तिथं पाणबुडी होऊन खेळले आणि जॅनेट ओकेल या मुलीनं त्यांना पुन्हा पुन्हा बुडवलं.

भरतीच्या क्लासला जाणाऱ्या आपल्या मुलींनी ही गोष्ट नक्की वाचावी.

आता बाजारात मिळणाऱ्या गेमचा प्रश्न. सरकारी फौज दुकानातला खेळ कशाला घेईल? कारण तो तयार असतो, स्वस्त असतो आणि हजारो खेळाडूंनी तो वापरून त्यातल्या चुका आधीच काढलेल्या असतात. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये फौज घुसवली. आखाताची लढाई मांडणारा एक पटावरचा खेळ मार्क हर्मन यांनी १९८३ मध्येच बाजारात आणला होता. पेंटागॉननं त्यांना त्याच दिवशी कामाला लावलं आणि पुढं काय काय होऊ शकतं ते त्या दुकानी खेळावर मांडून बघितलं. १९९६ मध्ये अमेरिकन मरीन कोअरच्या क्वांटिकोच्या तळावर ‘डूम २’ हा राक्षस मारायचा गेम बदलून चार जणांच्या फायर टीमच्या सरावासाठी केला गेला. हे करणाऱ्यांत एक सार्जंट होता, याचा मला फार अभिमान वाटतो. पुढं चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॲक्टिव्हनं २००१ मध्ये ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ काढला आणि त्याच पायावर ‘व्हीबीएस’ नावाची लष्करी आवृत्ती उभी केली. ती अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या सैनिकांनी वापरली. रणगाड्यांसाठी ‘स्टील बीस्ट्स’चीही अशीच वेगळी आवृत्ती आहे. आणि भाचा खेळतो त्या ‘कमांड’चीही व्यावसायिक आवृत्ती असून ती संरक्षण संस्था विकत घेतात. तिच्यात शस्त्रांची आकडेवारी स्वतः बदलता येते, एकच प्रसंग शेकडो वेळा आपोआप चालवता येतो आणि निकाल बाहेर काढून तपासता येतात.

आपल्या देशातही हे काम चालतं. दिल्लीत डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संघटनेची ‘इसा’ ही संस्था लढाईची गणितं आणि वॉरगेमची सॉफ्टवेअर करते. डीआरडीओत शास्त्रज्ञ म्हणून इंजिनिअरिंगच्या ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर आणि मुलाखतीवर जाता येतं. दिल्लीच्याच युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी स्ट्रॅटेजिक गेम मांडले जातात. मे २०२२ मध्ये लष्कराच्या शिमल्याच्या ट्रेनिंग कमांडनं गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी वॉरगेमचं संशोधन केंद्र काढायचा करार केला. परदेशात तर हा सरळ पेशा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक फिलिप सेबिन यांनी कित्येक वर्षं विद्यार्थ्यांकडून स्वतःचे युद्धखेळ करून घेतले. अमेरिकेतल्या सीएसआयएस या संस्थेनं तैवानवरच्या चिनी हल्ल्याचा एकच प्रसंग २४ वेळा खेळून जानेवारी २०२३ मध्ये अहवाल काढला. बहुतेक वेळा हल्ला फसला, पण अमेरिका, जपान आणि तैवान यांचं अतोनात नुकसान झालं. हा अहवाल लिहिणाऱ्यांची, नियम करणाऱ्यांची, पंचाच्या खुर्चीत बसणाऱ्यांची, वही ठेवणाऱ्यांची ती नोकरी असते.

पण गेममध्ये पहिला आला म्हणून कुणी नोकरी देणार नाही, हे पोरांनी पक्कं लक्षात घ्यावं. लागतं ते वेगळं. साहेबाला नेमका कुठला प्रश्न पडलाय हे ओळखणं, त्या प्रश्नापुरता खेळ रचणं, इतिहास वाचणं, संख्याशास्त्र येणं आणि चार पानांत स्वच्छ लिहिणं. हे कसं असतं ते आम्ही बावड्यातल्या एका तालमीच्या माडीवर बसून बघतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भाचा, त्याचे दोन मित्र आणि बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेली शेजारची एक मुलगी, यांना घेऊन मी पन्हाळा ते विशाळगडचा पट मांडला. १६६० चा वेढा, १२ जुलैची रात्र. मॉडेल मी केलं, मसाईचं पठार, पांढरपाणी, घोडखिंड, सगळी कंटूर धरून. रोज पट मांडण्याआधी मुलं महाराजांना मुजरा करतात, मग बसतात. एक फेरी म्हणजे एक तास. चिखलातली चाल फाशावर. निरोप चिठ्ठीनं जाणार, आणि चिठ्ठी जितकं अंतर तितक्या फेऱ्यांनी पोचणार.

पहिली अडचण अशी आली की सिद्दी जौहर म्हणून बसलेला पोरगा पालखीला फसेचना. कसा फसेल? शिवा काशीदांची गोष्ट चौथीच्या पुस्तकात वाचून आलेला. जौहरला त्या रात्री जे ठाऊक नव्हतं, ते याला ठाऊक होतं. वॉरगेम करणाऱ्यांना ही अडचण कायम येते, मागचा निकाल माहीत असलेला खेळाडू त्या रात्रीचा सेनापती होऊ शकत नाही. म्हणून आम्ही नियम बदलला. महाराजांच्या बाजूचा खेळाडू आधी बंद चिठ्ठीत लिहून माझ्याकडे देतो: पालख्या किती, कुठली कुठल्या वाटेनं, खरे महाराज कशात, की पायीच. कधी एकही पालखी नकली नसते. समोरच्यानं आपल्या मोजक्या चौक्या आधीच वाटून ठेवायच्या. आता जौहर खरोखर घाबरतो, उगीच अंगावर घेतो, उगीच सोडून देतो. त्या रात्री त्या महाबळी सरदाराची काय गत झाली असेल, ते पोरांना पुस्तकापेक्षा इथं जास्त उमगलं.

दुसरी गोष्ट त्या मुलीनं काढली. ती प्रत्येक डावाची वही ठेवते. तिनं दाखवलं की खिंडीत बाजीप्रभूंबरोबर किती माणसं उभी केली यापेक्षा पाठलाग किती उशिरा सुटला यावर डाव जास्त ठरतो. सगळे खूश झाले. मी विचारलं, ‘हे घोडखिंडीनं सांगितलं की आपल्या नियमानं?’ रात्रीच्या चालीचा आकडा आम्हीच तर ठरवला होता. तिनं तो आकडा बदलून पुन्हा डाव लावले. निष्कर्ष टिकला, पण पहिल्याइतका ठाम राहिला नाही. तिनं वहीत तसंच लिहिलं. माझ्या मते त्या दिवशी ती या पेशात उतरली.

कारण खेळातली सगळ्यात अवघड जागा पंचाची असते. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं ‘मिलेनियम चॅलेंज’ नावाचा सराव घेतला, खर्च २५ कोटी डॉलर. शत्रूच्या बाजूला निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर होते. रेडिओ ऐकला जाणार म्हणून त्यांनी मोटरसायकलवरून निरोप धाडले, लहान बोटी आणि क्षेपणास्त्रांचा एकदम मारा केला, आणि विमानवाहू जहाजासकट १६ जहाजं कागदोपत्री बुडवली. मग वरून हुकूम आला आणि ती जहाजं पुन्हा तरंगवली गेली, शत्रूनं काय करायचं नाही याचे नियम आले, आणि व्हॅन रायपर बाजूला झाले. साहेबाला हवा तोच निकाल काढून देणारा वॉरगेम फौजेचा घात करतो. ‘सर, या डावात आपण हरलो’ असं सांगायची हिंमत नसेल त्यानं या वाटेला जाऊ नये.

गेममध्ये जे नसतं तेही मी मुलांना सांगतो. तिथं बूट ओले होत नाहीत. तिथं तीन रात्री न झोपलेला सेक्शन कमांडर नसतो, आणि शेजारचा पडल्यावर हात थरथरत नाहीत. डाव बिघडला की मागं जाऊन पुन्हा सुरू करता येतो, सीमेवर येत नाही. म्हणून माझ्या पटावर मागं जायला बंदी आहे. दुसरं, पडद्यावरचं खरं मानायची सवय फार वाईट. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना गेममधल्या क्लिपा खऱ्या हल्ल्याच्या म्हणून गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या, चांगली शिकली-सवरलेली माणसं त्या पुढं ढकलत होती. आमच्या पोरांनी त्या बघताक्षणी ओळखल्या.

माझी शिवाजी विद्यापीठाला कळकळीची विनंती आहे. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे. आपल्याकडे निदान एक पेपर तरी सुरू करा, जो इतिहास, भूगोल, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर यांच्या मुलांना एकत्र बसवेल. एक खोली, चार कॉम्प्युटर, दोन मोठी टेबलं, एवढ्यावर भागतं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलंय, त्याचा फायदा पुण्या-मुंबईबरोबर कोल्हापूरलाही मिळू दे. या जिल्ह्यानं फौजेला माणसं द्यायला कधी हात आखडला नाही. उंचीनं, छातीनं, डोळ्यानं मागं पडलेली हुशार पोरं आपण आज थेट घरी पाठवतो, आणि भरतीच्या क्लासवाल्यांनाही त्यांना पुढं काय सांगावं हे माहीत नसतं. क्लासच्या फलकावर मेडिकलला अडकलेल्यांसाठी या वाटेची माहिती लावा. मी येऊन सांगेन, एक पैसा घेणार नाही.

वाचकांकडेही एक मागणं आहे. आमचा पुढचा पट २८ डिसेंबर १६५९ च्या कोल्हापूरजवळच्या लढाईचा आहे, जिथं महाराजांनी आदिलशाही सरदार रुस्तुमेजमानची फौज मोडली. घोडदळाची लढाई, उघडं मैदान, त्यामुळे नियम सगळे नव्यानं करावे लागतील. तोफखाना किंवा सिग्नल्समधून निवृत्त झालेले कुणी पंच म्हणून बसायला तयार असतील, किंवा कुणाच्या घरी शहराच्या आसपासचे जुने सर्व्हे नकाशे असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावं. रविवारी सकाळी तालमीत आम्ही असतोच, नकाशाची प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.

आपला नम्र,
एक निवृत्त नायब सुभेदार,
कसबा बावडा, कोल्हापूर